आठ कोरी पानं

नोटीस वाचून झाल्यावर कुंदा उमरेडकरनं आधी गॅसवरचं वरण उतरवून ठेवलं. आता आपलं डोकं फिरणार आणि ते फिरलं की वरण करपणार, हे तिला पंचावन्न वर्षांच्या अनुभवानं पाठ झालं होतं. मग ती ओरडली.

"अहो! इकडे या! बघा काय लिहून पाठवलं मेल्यांनी!"

गुणवंतराव अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून बाहेर आले. रेल्वेत जन्म गेलेला माणूस, घाई कशाची म्हणून नाही. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, लावला, तोवर कुंदानंच कागद हिसकावून मोठ्यानं वाचून दाखवला. "‘बालिका अंजनी, आयु नौ वर्ष, का व्यवहार गंभीर रूप से असमायोजित पाया गया है. पालक परिवार बालिका को सँभालने में असमर्थ प्रतीत होता है. बालिका को बालगृह भेजने की अनुशंसा की जाती है.’ असमर्थ म्हणे! मी असमर्थ! आणि पुढं ऐका. पुढच्या बुधवारी सिविल लाइंसच्या ऑफिसात सुनावणी, आणि ‘बालिका को सामान सहित प्रस्तुत करें’. सामान सहित! म्हणजे यांचं ठरलंच आहे."

"काहून ओरडून राहिली? पोरगी घरात आहे ना," गुणवंतराव हळूच म्हणाले.

कुंदानं तोंडावर पदर धरला. पण उशीर झाला होता. आतल्या खोलीचा पडदा हलला आणि पुन्हा जागच्या जागी आला.

अंजनी त्यांच्या घरी येऊन पाच महिने झाले होते. दत्तक नव्हे, आईबाप नसलेल्या किंवा असून नसलेल्या लेकराला काही काळ एखाद्या कुटुंबात वाढायला देतात, तशी ती आली होती. जवळच्या शहपुऱ्याकडची पोर, या हिंदी मुलखातलीच. आई गेली, बाप मुकादमाबरोबर कामाला म्हणून गेला तो गेलाच. आधी दोन घरं झाली होती तिची. पहिल्यांनी चार महिन्यांत परत पाठवली, दुसऱ्यांनी दीड महिन्यात. दुकानात साडी परत करतात, पिको व्हायच्या आत, तशी. येताना तिच्या पाठीवर संस्थेनं दिलेली निळी बॅग होती आणि ती बॅग पाच महिन्यांत एकदाही रिकामी झाली नव्हती. कपाटात तिच्यासाठी अख्खा कप्पा मोकळा करून ठेवला होता, तरी ती रोज फ्रॉक बॅगेतून काढायची आणि धुऊन वाळला की पुन्हा बॅगेत भरायची.

आता कुंदाची चूक काय झाली ते सांगायला हवं, कारण चूक तिचीच होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती.

कुंदानं अठ्ठावीस वर्षं संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. मशीनवरून सुटा भाग यायचा, ती तो गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची. बसला तर पास. नाही बसला तर वहीत लिहायचं: तारीख, वेळ, दोष काय. लिहिलं की भाग दुरुस्तीला जायचा. पहिल्याच दिवशी तिच्या वरच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, "दोष लिहायला लाजू नको. तू लाजलीस तर हे पुढे जाऊन कुणाच्या तरी हातात फुटेल." अठ्ठावीस वर्षांत कुंदानं हे एक वाक्य सोडलं नाही. त्यापायी तीन सुपरवायझरांशी भांडली, एकाशी तर कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. मुदतीआधीच निवृत्ती घेतली ती गुडघ्यांपायी. पण सवय कुठं निवृत्त होते!

तर अंजनी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं लांबट रजिस्टर आणलं आणि लिहायला बसली. ‘सकाळी गादी ओली. चौथी खेप. रागावले नाही.’ ‘उशीखाली दोन पोळ्या सापडल्या, कालच्या.’ ‘कुकरची शिट्टी झाली, टेबलाखाली जाऊन बसली, वीस मिनिटं.’ ‘शाळेतल्या मुलीला चावली. ती मुलगी म्हणाली होती, तुझे मम्मी-पापा कुठे आहेत.’ ‘माझ्यावर ताट फेकलं. नईं खाना तुम्हारा खाना, म्हणाली. नंतर स्वतःच फरशी पुसली.’ एका पानावर एक दिवस. काही पानांवर चांगलंही होतं. ‘गुणवंतरावांशी सापशिडी खेळली. हरल्यावर पट उलटला, पण हसली.’

हे सगळं कशासाठी, तर दुरुस्तीसाठी. पोरीच्या मनात काहीतरी मोडलंय, ते नुसत्या वरणभातानं जुळणारं नाही, कुणी जाणतं माणूस हवं, एवढं कुंदाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यासाठी कुठं जायचं? तर ज्या संस्थेनं पोर आणून दिली, तिच्याकडे. संस्थेचं नाव ‘स्नेहवर्षा’. वर्षा म्हणे! एक थेंब पडेल तर शपथ.

संस्थेचा आलोक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकलवरून यायचा. चहा प्यायचा. अंजनीला तुळशीपाशी उभं करायचा आणि म्हणायचा, "स्माइल, बेटा." अंजनी हसायची. बटण दाबल्यासारखं हसायची. फोटो निघाला की बटण बंद. मग तो एक छापील फॉर्म भरायचा. त्यात बरोबरची खूण करायचे चौकोन होते. बच्ची प्रसन्न है, बरोबर. बच्ची को भोजन मिलता है, बरोबर. काउंसलर ने बच्ची से बात की, बरोबर. काउंसलर कोण, ती गोरी की सावळी, कुंदानं कधी पाहिली नव्हती.

"आलोक भैया," कुंदा दर खेपेला म्हणायची, "इसको किसी मन के डॉक्टर को दिखाइए ना."

"दीदी, प्यार दीजिए. प्यार से सब ठीक हो जाता है."

"प्यार तो दे ही रहे हैं भैया. पर बुखार में प्यार के साथ गोली भी देते हैं कि नहीं?"

तो हसायचा. त्याला वाटायचं दीदी विनोद करते. पाचव्या महिन्यात मात्र कुंदानं त्याला दारातच अडवलं, तेव्हा कंटाळून म्हणाला, "अच्छा, तो आप लिखकर दे दीजिए. ऊपर भेज देंगे."

लिहून? कुंदाकडे तर पाच महिन्यांचं लिहून तयार होतं! तिनं अख्ख्या रजिस्टरची झेरॉक्स काढून आणली, आलोकच्या हातात दिली, वर चिवडाही खायला घातला. त्या दिवशी ती किती खूष होती! आता वरचे वाचतील, चटकन डॉक्टर पाठवतील. कारखान्यात दोष लिहिला की दुरुस्ती व्हायची. इथं दोष लिहिला तर मालच भंगारात काढतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नोटीस आली त्या दिवशी दुपारी अंजनी बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा तिच्या हातात रजिस्टर होतं. मराठी तिला पुरतं येत नव्हतं, पण अक्षरं तीच आणि वाचायला पोर हुशार.

"तुमने मेरा सब लिखा," ती म्हणाली. ओरडून नाही. कुंदाला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बेटा, वो इसलिए कि..."

"गद्दी वाला भी लिखा."

"डॉक्टर मिले इसलिए लिखा, बाळा. तेरे लिए."

अंजनीनं तिच्याकडे पाहिलं. "मिला?"

कुंदाच्या खोटं बोलणं जिवावर आलं. "नहीं," ती म्हणाली.

अंजनीनं रजिस्टर टेबलावर ठेवलं, कडेला कड लावून नीट, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवीनच मुलगी राहायला आली. न सांगता उठायची. ताटातलं सगळं संपवायची, कारल्याची भाजीसुद्धा. "थैंक यू आंटीजी." "सॉरी अंकलजी." शिट्टी झाली तर जागेवरच डोळे मिटून उभी राहायची, पण टेबलाखाली जायची नाही. उशीखाली पोळी नाही. शाळेतून तक्रार नाही. या पाच महिन्यांत ती घरात ‘हो’ला ‘हओ’ म्हणायची, तिच्या आईकडनं आलेलं, तोंड भरून. आता विचारलं की "जी". खाशील? जी. खेळशील? जी. तुळशीपाशी फोटोला हसायची तेच हसू आता दिवसभर तोंडावर.

"बघ, सुधरली की नाही!" चौथ्या दिवशी गुणवंतराव म्हणाले. "तू उगाच टेन्शन घेऊन राहिली होती."

"सुधरली?" कुंदा त्यांच्यावर वस्सकन आली. "अहो, पाहुणी झाली ती! पाहुण्यासारखी वागून राहिली, कळत नाही तुम्हाला? दोन घरांतून निघताना शिकली असेल, जाताना कसं वागायचं ते. जी आपल्या घरात भांडत होती ना, ती गेली हो. ती बुधवारच्या आधीच गेली!"

गुणवंतरावांनी पेपर घडी करून ठेवला.

गादीही कोरडी होती. आधी कुंदाला तेवढंच बरं वाटलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी पाचला ती दुधाला उठली आणि सहज खोलीत डोकावली. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली, आणि पोर उघड्या फरशीवर झोपलेली, डोक्याखाली निळी बॅग. गादी पुन्हा ओली होऊन ती लिहिली जायला नको म्हणून. कुंदा तिथंच दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. कुणी सांगितलं होतं शहाणपण? लेकरू म्हणजे काय मशीनवरून आलेला सुटा भाग आहे, गेजमध्ये घालून बघायला? आणि ज्यांच्या हातात ते कागद दिले, त्यांनी पाच महिन्यांत या पोरीशी पाच मिनिटं बसून बोलावं, एवढंही होऊ नये?

रजिस्टर तिनं नोटीस आल्यापासून उघडलं नव्हतं. बुधवारी निघताना मात्र उचललं. एका पानावर एक दिवस, प्रत्येक पानावर तारीख आधीच टाकून ठेवायची तिची सवय होती. नोटिशीपासून आजपर्यंतची शेवटची आठ पानं तारखेखाली कोरी होती.

सिविल लाइंसमधल्या त्या जुन्या बंगल्यात अशा मुलांचा निर्णय करणाऱ्या समितीची खोली होती. लांब टेबल, टेबलामागे तिघं जण, आणि मधल्या खुर्चीवर अध्यक्षा अनसूया मॅडम, डोळ्यांखाली काळं, समोर फायलींचा ढीग. आलोक बाजूला उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. अंजनीला टेबलासमोर स्टुलावर बसवलं. मुलीच्या देखत मुलीची फाइल वाचायला घेतली. गादी, पोळ्या, चावा, ताट, सगळं, एकेक. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा ऐकत होता. कुंदा पुढं सरली. गुणवंतरावांनी तिचा पदर धरून ठेवला, पण पदर धरून कुंदा कधी थांबली आहे?

"मैडम, बच्ची को बाहर बिठाइए. उसके सामने मत पढ़िए."

"आपने ही तो लिखा है," दुसऱ्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले.

तेही खरंच होतं.

अनसूया मॅडम अंजनीकडे वळल्या. "बेटा, कैसी हो?"

"जी मैडम, बहुत खुश हूँ. सब बहुत अच्छे हैं," अंजनी म्हणाली. हसली.

"वहाँ बालगृह में और भी बच्चे हैं. वहाँ जाओगी?"

"जी मैडम, जाऊँगी." तेच हसू, तेवढंच रुंद.

आलोक पुढं सरसावला. "मैडम, नोटिस के बाद से बच्ची एकदम शांत है. मैंने स्कूल में भी पूछा. मतलब मन से तैयार है. शिफ्टिंग में कोई दिक्कत नहीं आएगी."

मग मात्र झालं. कुंदानं पदर सोडवला आणि रजिस्टर टेबलावर असं आपटलं की मॅडमच्या चहाची बशी वाजली.

"तैयार है? ये देखिए! ये आठ पन्ने कोरे हैं. पाँच महीने मैंने रोज लिखा, क्योंकि पाँच महीने ये लड़की मुझसे लड़ी. थाली फेंकी, काटा, चिल्लाई. इन आठ दिनों में कुछ नहीं किया इसने. कुछ भी नहीं! नंगी फर्श पर सोती है कि गद्दी गीली न हो. आप लोगों को ये आठ दिन सबसे अच्छे लग रहे हैं? मेरे पास ये आठ दिन सबसे खराब हैं. अभी आपने पूछा, जाओगी, इसने कहा जी. पूछिए कि कुएँ में कूदोगी, तो भी जी ही कहेगी! और आपकी फाइल में दो लड़कियाँ हैं, मैडम. इस भैया के फॉर्म में हर महीने ‘प्रसन्न’. मेरी कॉपी में ये सब. दोनों सच कैसे हो सकते हैं? किसी ने पूछा?"

"आवाज़ नीचे रखिए," तिसऱ्या खुर्चीवरची बाई म्हणाली.

"नहीं रखूँगी! मैंने डॉक्टर माँगा था. दोष लिखा था तो इलाज के लिए लिखा था. आपने बच्ची ही वापस माँग ली. तीसरी बार! तीसरे घर से निकालकर बोलेंगे कि ये लड़की कहीं टिकती नहीं. अरे, टिकने कौन दे रहा है?"

अनसूया मॅडमनी रजिस्टर ओढून घेतलं. पहिल्या पानापासून चाळायला लागल्या. मराठी त्यांना कळत असेल तेवढं कळलं, पण शेवटची कोरी पानं कळायला मराठीची गरज नव्हती. एकेका तारखेवर बोट ठेवत त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या. मग त्यांनी संस्थेचे फॉर्म पुढ्यात घेतले.

"आलोक, काउंसलर बच्ची से कितनी बार मिलीं?"

आलोकनं शर्टाची कॉलर सारखी केली. "मैडम, वो... पद अभी खाली है."

"कब से?"

"फरवरी से."

"तो ये पाँच बार ‘बात की’ पर निशान किसने लगाया?"

आलोक खिडकीबाहेर बघायला लागला. कुंदाला वाटलं, उठावं आणि त्याला तुळशीपाशी उभं करून म्हणावं, स्माइल, बेटा.

निकाल काय लागला? फार मोठा काही नाही. अनसूया मॅडमनी लिहिलं: मुलीला तूर्त हलवू नये. दर आठवड्याला सरकारी दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे न्यावं, नेण्याची जबाबदारी संस्थेची. तीन महिन्यांनी पुन्हा सुनावणी. संस्थेकडून लेखी खुलासा. एवढंच. पाच महिने तोंड वेंगाडून जे मागितलं, ते टेबल आपटल्यावर मिळालं. लोक म्हणतात बायांनी जरा गोड बोलावं. गोड बोलून काय होतं ते कुंदानं पाहिलं होतं.

तिनं आभार मानले नाहीत. रजिस्टर परत घेतलं, निळी बॅग खांद्याला लावली, आणि अंजनीला घेऊन बाहेर आली. गुणवंतराव स्कूटर आणायला गेले. अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडाखाली पक्षकारांची गर्दी होती, चहावाला होता, दोन वकील उभे होते.

"सुना ना? कहीं नहीं जाना है," कुंदा म्हणाली.

"जी आंटीजी."

"अब मैं कुछ नहीं लिखूँगी. डॉक्टर को जो बताना हो, तू ही बताना. मैंने पूछे बिना लिखा, वो मेरी गलती थी. तेरी नहीं. मेरी."

अंजनीचं हसू तसंच होतं. मग ओठाचा एक कोपरा थरथरला. आणि त्या पोरीनं दोन्ही मुठी वळून कुंदाच्या पोटात मारल्या. मग दंडावर. मग मिळेल तिथं. "सब लिखा! सबने पढ़ा! उस चपरासी ने भी सुना! क्यों लिखा! क्यों लिखा!" नाक वाहत होतं, वेणी सुटली होती, आवाज रस्त्यापर्यंत गेला. चहावाल्याचा हात थांबला. वकील वळून बघायला लागले. कुंदा जागची हलली नाही. बॅग खांद्यावरून घसरून मातीत पडली, ती तिनं उचललीही नाही.

आलोक पायऱ्या उतरत होता. त्यानं पाहिलं आणि चटकन खिशातून फोन काढला. "देखिए, देखिए, यही तो हम कह रहे थे..."

"काढ!" कुंदा त्याच्यावर कडाडली, मराठीतच, कारण आता हिंदीला सवड नव्हती. "काढ ना फोटो! पाच महिने खोटे काढलेस, आज खरा काढ! आणि त्या तुझ्या चौकोनात लिही, पोरगी आज रागावली. माझ्यावर रागावली, कारण मी तिची आहे!"

आलोकला मराठी येत नव्हतं. तरी त्यानं फोन खिशात ठेवला.

अंजनी दमली. मुठी अजून वळलेल्याच होत्या, श्वास लागला होता. कुंदा गुडघे कुरकुरले तरी खाली बसली, तिच्या तोंडासमोर तोंड आणून.

"और मारना है?"

अंजनीनं बाहीनं नाक पुसलं. विचार केला.

"हओ."

"मार," कुंदा म्हणाली.